घळीतला पिवळा कातळ

मी दात बनवतो. दातांचा डॉक्टर नव्हे हां, गैरसमज नको. डॉक्टर तोंडात डोकावतो. मला तोंड कधी दिसतच नाही. माझ्याकडे येतो प्लॅस्टरचा साचा आणि सोबत एक चिठ्ठी : वरचा, पुढचा, डावीकडचा दुसरा. मग मी तो दात घडवतो, भट्टीत भाजतो आणि बारीक ब्रशने रंगवतो. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. डोंबलाचा पांढरा! माझ्या खणात पांढऱ्याच्या सोळा छटा आहेत आणि तरी दर दोन दिवसांनी सतरावी कालवावी लागते. शेजारच्या खऱ्या दातावर चहाचा डाग असेल तर माझ्या दातावरही तो हवा, चीर असेल तर चीर हवी. ते गाळलं की माणूस हसताक्षणी खोटा दात उठून दिसतो. सत्तावीस वर्षं मी हेच करतोय : आहे ते सगळं काढायचं, काही गाळायचं नाही. ह्याच सवयीने मला उघडं पाडलं, म्हणून आधी सांगून टाकलं.

दुसरी गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही, पण ती नाही सांगितली तर पुढचं काही कळणार नाही. अकरा वर्षांपूर्वी मी डोंगराची शर्यत जिंकलो, आणि ती खोटी जिंकलो.

आमच्या शहराच्या पाठीशी हा डोंगर आहे. त्यावर मी पळायला शिकलो तो बायकोच्या थोरल्या भावामुळे. तेव्हा ती बायको नव्हती आणि तो मेहुणा नव्हता. तो बसचा ड्रायव्हर होता आणि मी त्याच्या बसने कामावर जाणारा एक ढेरपोट्या तरुण. एकदा बस चुकली म्हणून तिच्या मागे तीन स्टॉप धावलो. चौथ्यावर त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "फुप्फुसं बरी आहेत तुझी. रविवारी डोंगरावर ये." रविवारी गेलो तर सोबत त्याची बहीण. ती पुढे पळत होती आणि मागे वळून हसत होती. पहिल्याच चढावर मी भडाभडा ओकलो, तिने पाण्याची बाटली दिली, आणि दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. थोडक्यात काय, माझं जे काही बरं झालं ते त्या डोंगरावर झालं. मेहुण्याला मी दादाच म्हणतो, ती म्हणते म्हणून.

शर्यत वर्षातून एकदा, आमचा क्लब भरवतो ती. पायथ्याच्या शाळेपासून सोंडेच्या वाटेने वर जायचं, माथ्यावर दगडांची रास आहे तिला वळसा घालायचा आणि त्याच वाटेने खाली यायचं. वर तपासायला कुणी नसतं. आजवर कधीच नव्हतं. खाली एक टेबल, टेबलामागे वेळवाल्या बाई, त्यांच्या हातात स्टॉपवॉच आणि पुढ्यात वही. पळणारा आला की त्या पेन्सिल उचलतात आणि एकच विचारतात, "वर जाऊन आलास?" आपण म्हणायचं, "आलो." मग त्या वेळ लिहितात. झालं. ह्या एका शब्दावर आख्खी शर्यत चालते. बाहेरगावचे लोक ऐकून हसतात, आम्हाला मात्र त्याचा अभिमान आहे.

त्या वर्षी धुकं असं दाटलं की स्वतःचे बूट दिसेनात. मी पहिला, दादा माझ्या थोडा मागे, बायको त्याच्या मागे बरीच लांब. माथ्याच्या अलीकडे एक वळण आहे. वाट तिथे डावीकडे वळते; मी सरळ गेलो. पायाखालची जमीनच गेली आणि मी बुडावर घसरत एका घळीत. त्या घळीत कुणी जात नाही, जाण्यासारखं तिथे काही नाहीच. मधोमध एक मोठा पिवळा कातळ आहे, त्याच्या अंगावर एक पांढरी रेघ. त्यावर आपटून थांबलो. तिथून धडपडत उतरलो तर घळीने मला परत सोंडेच्या वाटेवर आणून सोडलं, पण कुठे, पार निम्म्यावर! आता पुन्हा वर चढायचं की खाली पळायचं? दहा श्वास उभा राहिलो असेन. मग खाली पळालो.

"वर जाऊन आलास?" बाईंनी विचारलं.

"आलो," मी म्हणालो.

चाळीस सेकंदांनी दादा आला, टेबलापाशी काहीतरी पुटपुटला आणि मला कडकडून मिठी मारली. तो दुसरा. त्याआधीही चारदा तो दुसरा आला होता. गुडघा कुरकुरायला लागला होता, आणि ही त्याची शेवटची शर्यत होती. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी कप घेतला. बायको माझ्यानंतर दहा-अकरा मिनिटांनी आली, तिसरी. बाईंनी विचारल्यावर "मी आले," एवढंच म्हणाली आणि कुणाकडे न बघता बूट काढत बसली. तिच्या त्या उशिरावरून मी पुढे किती वर्षं तिची थट्टा केली, ते आठवलं तरी कान गरम होतात.

तेव्हापासून दादा मला चॅम्पियन म्हणतो. बसमधल्या अनोळखी माणसांनासुद्धा सांगतो, "हे आमचे जावई. त्या धुक्यात ह्यांनी माथा शोधला, बोला!" दर वेळी मी खिडकीबाहेर बघायचो. शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या. कौतुक कसं गिळायचं? दर वर्षी ठरवायचो, यंदा सांगायचं. आणि दर वर्षी शेपूट घालायचो. ह्या माणसाने मला पळायला शिकवलं, बहीण दिली, नव्या घराचे नळसुद्धा स्वतः येऊन बसवले. त्याला काय सांगू, की दादा, तुमचा एकुलता एक पहिला नंबर मीच लंपास केला? त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर मला ते सोसलं नसतं.

यंदा दादा रिटायर व्हायचा होता. काय द्यायचं, काय द्यायचं, असं चाललं होतं तर बायको म्हणाली, "त्याला डोंगर काढून दे."

"बरं. चांगला फोटो बघतो एखादा."

"फोटो कशाला? फोटो काय, डेपोतला कुणीही काढून देईल. तू पळतोस तो डोंगर काढ. आठवणीतून."

ती शाळेत भूगोल शिकवते. ती काय म्हणते त्यावर आमच्या घरी वाद होत नाही. दात भट्टीत असताना मला अठरा मिनिटं मोकळी मिळतात. त्या अठरा-अठरा मिनिटांत, दात रंगवायच्याच ब्रशांनी, मी दीड महिना डोंगर काढला. ओकलो तो चढ काढला. दादाचा पाय मुरगळला होता आणि त्याने बसून मला आयुष्याबद्दल भाषण दिलं होतं तो सपाट दगड काढला. वळणावरचं वाळकं झाड, माथ्यावरची रास, सोंडेची एकेक घडी. हात आपोआप चालत होता. इतकी मजा मला दात रंगवताना कधी आली नव्हती. साच्यांवर धूळ बसली, एका डॉक्टरचे तीन फोन आले, तरी मी गुणगुणत होतो.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी बायको डबा घेऊन आली. लांबून बघितलं, जवळून बघितलं.

"छान झालाय रे! अगदी आपलाच." मग ती वाकली. "हे पिवळं काय आहे?"

"कुठे?"

"हे काय. सोंडेच्या उजवीकडे, घडीत."

मी बघितलं आणि माझी दातखीळच बसली. घळ होती. घळीत कातळ होता. पिवळा, आणि त्यावर पांढरी रेघसुद्धा, सगळ्यात बारीक ब्रशने काढलेली! गावातून बघा, तो कातळ दिसत नाही, मधे डोंगराचा फुगवटा येतो. सोंडेच्या वाटेवरूनही दिसत नाही. तो बघायचा तर माणसाने घळीत पडायलाच हवं, आणि डोंगर पाठ असलेल्या कुणालाही हे कळेल. दादाला तर डोंगर माझ्यापेक्षा पाठ.

"ऊन," मी म्हणालो. "ऊन पडलंय तिथे."

"अच्छा, ऊन," ती म्हणाली. "निवायच्या आत जेव." आणि गेली.

जेवतोय कसला! राखाडी रंग कालवला, ब्रश बुडवला, कातळापाशी नेला. एक फटकारा, की विषय संपला. उद्या सगळ्या डेपोसमोर दादा चित्र घेणार, मला चॅम्पियन म्हणणार, टाळ्या पडणार, आणि मी पुढची अकरा वर्षं पुन्हा तोंड लपवत हिंडणार. ब्रश हातात धरून बसलो तो भट्टीची घंटी वाजेपर्यंत. अकरा वर्षांपूर्वी तोंडाने एकदा खोटं बोललो होतो. आता हाताने बोलायचं माझ्याच्याने होईना. ब्रश धुऊन ठेवला. राहू दे कातळ. दिसला तर सांगून टाकायचं, काय व्हायचं ते होऊ दे. नाही दिसला तर… खरं सांगतो, नाहीच दिसला तर बरं, असंही मनात आलं. वयामुळे दादाची जवळची नजर अधू झालीय, ह्याचा मला इतका आधार कधी वाटला नव्हता.

समारंभ डेपोच्या कँटीनमध्ये होता. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, सगळे लोखंडी खुर्च्यांवर दाटीवाटीने बसलेले. साहेबांचं भाषण झालं, हार झाला. मी चादरीत गुंडाळलेलं चित्र पुढे केलं आणि दादाने चादर ओढली. "वा!" "हुबेहूब!" "अरे, हा तर आपला वळणावरचा डोंगर!" टाळ्याच टाळ्या. दादाने खिशातला चष्मा नाकावर चढवला, नाक चित्राला टेकेल इतका जवळ गेला आणि वरून खाली बघत आला. त्याचं बोट वळणावर आलं. तिथून उजवीकडे गेलं. मग थांबलं.

"चॅम्पियन," तो वळून न बघता म्हणाला, "जरा बाहेर ये."

मी मुकाट त्याच्या मागून निघालो. बाहेर शेडमध्ये चौदा नंबरची बस धुऊन उभी होती, तिच्याच सीटवर त्याची निम्मी नोकरी गेलेली. तो चढला आणि सवयीने ड्रायव्हरच्या जागेवर बसला. मी पुढच्या सीटवर, हात मांडीत घेऊन.

"तो कातळ," दादा समोरच्या काचेतून बघत म्हणाला.

"हो, दादा."

"पिवळा."

"हो."

"म्हणजे तू घळीत गेला होतास."

मग मला कोण थांबवतंय? धुकं, वळण, घसरणं, दहा श्वास, "आलो", सगळं एका दमात ओकलो. "कप तुमचा आहे," मी म्हणालो. "पहिले तुम्ही होतात. आजच घरी आणून देतो. दोन थोबाडीत द्या, चार द्या, पण येणंजाणं तोडू नका."

दादाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. साठीला आलेल्या माणसाला मी रडवलं, ह्या विचाराने मलाच भरून आलं. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. रडत नव्हता हो, हसत होता! म्हणजे डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होता.

"अरे गाढवा," तो म्हणाला, "तो कातळ घळीतला, हे मला कसं कळलं?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळच लागला. तोवर त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर बोटभर लांब जुना व्रण.

"तेच वळण. मीही सरळ गेलो. हा त्याच कातळाचा प्रसाद. आणि बाईंनी विचारलं तेव्हा मीही आलो म्हणालो, घसा खाकरून. अकरा वर्षं स्वतःला सांगतोय, तो पोरगा त्या धुक्यात माथा गाठून आला आणि तू साल्या दुसरा नंबर ढापलास! म्हणून तर तुला डोक्यावर घेऊन नाचत होतो. तेवढीच आपली भरपाई."

"आणि मला वाटायचं तुम्ही…"

"आणि मला वाटायचं तू…"

आम्ही असे हसलो की बस हलली. मी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, त्याने माझ्या. अकरा वर्षांचं ओझं असं गडगडत खाली गेलं. मग दादा मधेच थांबला, हसू चेहऱ्यावर तसंच आणि भुवया वर.

"थांब. मग पहिलं कोण आलं?"

"झालं का दोघांचं?" मागून आवाज आला.

शेवटच्या सीटवर बायको बसली होती, हातात चहाचा कागदी पेला. मागच्या दाराने कधी चढली, देव जाणे.

"तुला… तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"त्याच दिवशी. तुम्ही दोघं पुढे होतात. वाट एकच. म्हणजे मी चढताना तुम्ही समोरून उतरायला हवे होतात. वळणापासून माथ्यापर्यंत मला कुणी भेटलं नाही."

"धुकं होतं गं," दादा क्षीण आवाजात म्हणाला.

"धुक्यात दिसत नाही, दादा, ऐकू येतं. आणि ह्याचा श्वास दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जातो." तिने पेला सीटवर ठेवला. "मी डावा हात खडकाला लावून वर गेले, तुम्हाला हाका मारत. राशीपाशी उभी राहून पाच मिनिटं हाका मारल्या. वाटलं, दोघंही कुठेतरी पडलात, मेलात. रडले मी तिथे. आणि खाली येते तर एकाच्या हातात कप आणि दुसरा टाळ्या पिटतोय!"

त्या उशिराची मी अकरा वर्षं थट्टा केली होती. ती पाच मिनिटं माझ्यासाठी रडली होती. मला इतकी लाज वाटली की सीटखाली जागा असती तर शिरलो असतो.

"मग बोलली का नाहीस?" दादाने कसंबसं विचारलं.

"काय बोलू? एक नवरा, एक भाऊ. मी बोट दाखवलं असतं तर कबूल केलं असतंत, पण ते माझ्या भीतीने. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. वाट बघितली, बघितली, तुमच्या तोंडांना कुलपं! शेवटी म्हटलं, तोंडातून निघत नाही तर ह्याच्या हातातून काढावं. हा काही गाळत नाही, तेवढी खात्री होती."

"म्हणजे आठवणीतून काढ, हे…"

"मग? आणि काल ब्रश धुऊन ठेवलास ते बरं केलंस. मी खिडकीतून बघत होते. एक फटकारा मारला असतास ना, तर आज मी घरी आले नसते." हे ती हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. मग तेही हसले. मी उठून तिच्यापर्यंत गेलो आणि माफी मागितली, नीट, मान खाली घालून. दादानेही मागितली, आरशात बघून, कारण वळायची त्याची छाती होईना.

"कप घे," मी म्हणालो.

"कप नको. त्यात तू स्क्रू ठेवतोस. क्लबच्या खोलीत विजेत्यांची फळी आहे, तिथे माझं नाव हवं. आणि ते तू लिहायचंस."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वेळवाल्या बाईंकडे गेलो. बाई आता ऐंशीच्या. दादाने आणि मी शाळेतल्या पोरांसारखं उभं राहून सगळं सांगितलं. बाईंनी कपाटातून वही काढली, पट्टी ठेवून आमच्या दोन्ही नावांवर रेघ मारली आणि बायकोला खुर्ची दिली. आम्हाला दिली नाही.

"अकरा वर्षं माझी वही खोटं बोलत होती," त्या म्हणाल्या. "आणि त्या फळीवर आजवर एकही बाई नाही, हे ठाऊक आहे का तुम्हाला?"

आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणजे रोज डोळ्यांसमोर होतं, पण कधी बघितलं नव्हतं.

चित्र दादाच्या घरी पुढच्या खोलीत लागलंय. पाहुणा आला की तो आधी कातळ दाखवतो आणि मग नडगी. रविवारी दुपारी मी रंग घेऊन क्लबवर गेलो. फळीवरची जुनी अक्षरं पिवळट पांढरी पडली होती. तशी छटा कालवायला अर्धा तास गेला. दात घासून सपाट करायच्या पातीने मी माझं नाव खरवडलं. दादाने स्टूल धरलं होतं. बायको खाली हाताची घडी घालून उभी.

"पूर्ण नाव लिहितो," मी म्हणालो. "आधी तिचं, मधे माझं, मग आडनाव."

"तुझं कशाला मधे?" दादा उसळला. "पळायला ती आमच्या घरी शिकली. माहेरचं आडनाव टाक."

"अहो, तेव्हा लग्नाला बारा वर्षं झाली होती!"

"झाली असतील. पाय कुणाकडून घेऊन आली?"

"पुरे," ती खालून म्हणाली. "नुसतं माझं नाव लिही. तुमच्यापैकी वर कुणीच गेलं नव्हतं."

दादाने स्टूल घट्ट धरलं आणि मी तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढायला घेतलं.